गावच्या मिठाईच्या दुकानाचा फोटो कसा वाचायचा?

एक फोटो तुम्ही नक्की पाहिलाय. बहुतेक काढलाही असेल. गावातलं किंवा एखाद्या देवस्थानाजवळचं मिठाईचं दुकान. पुढे परातीत रचून ठेवलेला पेढ्यांचा ढीग, बाजूला नारिंगी जिलेबी, मागे कढईतून निघणारी वाफ, आणि त्या वाफेत अर्धवट दिसणारा, खाली मान घालून काम करणारा हलवाई. उजेड शक्यतो सकाळचा, तिरपा. खाली एक ओळ: ‘अस्सल गावाकडची चव’. नाहीतर ‘काळाच्या ओघात हरवत चाललेलं काहीतरी’.

पर्यटनाच्या जाहिरातीत, पुरवणीत, इन्स्टाग्रामवर हा फोटो असतोच, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. हाच फोटो हल्ली सिनॉप्सिसच्या पहिल्या स्लाईडवर येतो, सेमिनारमध्ये येतो आणि शेवटी प्रबंधात ‘छायाचित्र ३.२’ होऊन बसतो. खाद्यसंस्कृती, ग्रामीण बाजार, तीर्थक्षेत्रांचं अर्थकारण, स्थलांतर, यांपैकी काहीही विषय घ्या, मिठाईचं दुकान वाटेत येतंच. मग समितीतलं कुणीतरी विचारतं, ‘हा फोटो इथे कशासाठी आहे?’ आणि उत्तर मिळतं, ‘वातावरण कळावं म्हणून.’

हे उत्तर पुरेसं नाही, आणि ते का नाही हे आजच्या लेखात सांगायचंय. तुम्ही पेट-नेटची तयारी करत असाल, विषय शोधत असाल, तर फील्डवर जाण्याआधी हे वाचा. एखादी कविता किंवा कादंबरी जशी आपण नीट वाचतो, तसा हा एक फोटो वाचू. फोटो चांगला की वाईट, हा प्रश्न नंतर. आधी तो काय सांगतो आणि काय सांगत नाही ते बघू.

चौकटीत काय येतं?

पहिली गोष्ट रंग. मिठाईचं दुकान कॅमेऱ्याला आवडतं ते रंगामुळे. जिलेबीचा नारिंगी, बर्फीचा पांढरा, वर्खाचा चंदेरी, काळवंडलेली भिंत. भारतीय छायाचित्रणात रंगाची बाजू सर्वांत ठामपणे मांडली ती रघुबीर सिंग (१९४२–१९९९) यांनी. जगातले नावाजलेले छायाचित्रकार कृष्णधवल फोटोलाच गंभीर मानत होते, त्या काळात ते रंगीत फिल्मवर काम करत राहिले. १९९८ सालच्या ‘रिव्हर ऑफ कलर’ या पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्यांनी म्हटलंय की, भारतीय नजरेला रंग हा वरून लावलेला थर वाटत नाही, तो जगण्याचाच भाग असतो. मला हे पटतं. पण त्यांचे फोटो नीट बघा. त्यात रंगाबरोबर गर्दी असते, मोटारीचा आरसा असतो, विजेची तार असते, चौकटीच्या कडेला अर्धी कापली गेलेली माणसं असतात. आपल्या प्रवासी फोटोत रंग तेवढा राहतो आणि बाकीचा गोंधळ बाहेर जातो. सिंग यांचा रंग जगाला आत घेतो, आपला रंग जगाला बाहेर ढकलतो.

दुसरी गोष्ट हात. झारा धरलेला हात, पेढा वळणारा हात, पाकात बोट बुडवून तार बघणारा हात. हाताचा फोटो कष्टाबद्दल आदर दाखवतो असं आपल्याला वाटतं. पण चेहरा नसलेला हात कोणाचाही असू शकतो. तो मालकाचा की रोजावरच्या कारागिराचा? तो माणूस याच गावचा की बाहेरून आलेला? महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावांत आणि बाजारपेठांत राजस्थानातून आलेल्या कुटुंबांची कितीतरी मिठाईची दुकानं आहेत. ‘अस्सल गावाकडची चव’ या ओळीखाली जे हात दिसतात, ते जोधपूर-पालीकडचेही असू शकतात. हे कळलं तर विषय उलट जास्त रंजक होतो. फोटोतून मात्र ते कळत नाही.

तिसरी गोष्ट, खरं तर तिसरी न-गोष्ट: पैसे. गल्ला दिसत नाही, भावाची पाटी दिसत नाही, गिऱ्हाईक दिसत नाही. दुकानाचा फोटो आणि त्यात विक्रीच नाही! हे विचित्र आहे, पण आपल्या लक्षात येत नाही, इतकी आपल्याला या फोटोची सवय झालीय.

वॉल्टर बेंजामिन यांनी १९३१ साली छायाचित्रणाच्या इतिहासावर एक छोटा निबंध लिहिला. त्यात त्यांनी ब्रेख्तचा एक विचार दिलाय. त्याचा आशय असा की, एखाद्या अवाढव्य कारखान्याचा नुसता फोटो काढला तर त्या कारखान्याबद्दल जवळजवळ काहीच समजत नाही. कारण कारखाना म्हणजे भिंती नि धुराडी नव्हेत. तो माणसामाणसांतल्या संबंधांचा व्यवहार आहे, आणि ते संबंध पृष्ठभागावर उमटत नाहीत. मिठाईचं दुकान क्रुपच्या कारखान्यापेक्षा फार लहान आहे, पण नियम तोच लागू होतो. दूध कोण घालतं, खवा कुठून येतो, उधारी कुणाची किती, भाडं कोणाला जातं, सणाच्या आधी साखरेसाठी पैसे कोण देतं, हे सगळं मिळून दुकान होतं. पेढ्यांचा ढीग म्हणजे त्या व्यवहाराचं शेवटचं टोक.

चौकटीबाहेर काय राहतं?

आता एक काम करा. तुमच्याकडे असा एखादा फोटो असेल तर तो उघडा, आणि त्याच ठिकाणी उभं राहून कॅमेरा फूटभर खाली किंवा डावीकडे वळवला असता तर काय दिसलं असतं याचा विचार करा.

टेबलाखाली बहुधा तेलाचा डबा असतो, पुष्कळदा पामतेलाचा. जगात सर्वांत जास्त पामतेल आयात करणारा देश भारत आहे, आणि ते मुख्यतः इंडोनेशिया आणि मलेशियातून येतं. २८ एप्रिल २०२२ ला इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात थांबवली आणि २३ मे २०२२ ला पुन्हा सुरू केली. त्या महिन्यात आपल्याकडच्या तळणाच्या धंद्यातल्या लोकांच्या बोलण्यात जाकार्ताचा निर्णय होता. म्हणजे तो कोपऱ्यातला, तेलकट, ‘फ्रेम बिघडवणारा’ डबा हा त्या दुकानाला जागतिक बाजाराशी जोडणारा सर्वांत स्पष्ट पुरावा आहे. आपण तो पायाने बाजूला सारतो आणि वर लिहितो, ‘काळ जणू इथे थांबलाय’.

भट्टीजवळ सिलिंडर असतो. निळा असेल तर तो १९ किलोचा व्यावसायिक. लाल असेल तर १४.२ किलोचा घरगुती. या एका रंगावरून इंधनाचा खर्च, कायदा आणि दुकानदाराची ओढाताण तिन्ही कळतात. पेढ्यांच्या रंगापेक्षा संशोधकाला हा रंग जास्त उपयोगाचा.

ट्रेसमोर एखादी चिठ्ठी असते, किंवा असायला हवी असते. १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईसमोर ती कोणत्या तारखेपर्यंत खाण्यायोग्य आहे हे लिहिणं एफएसएसएआयने बंधनकारक केलं. तुमच्या फोटोत चिठ्ठी आहे का? असेल तर छापील की खडूने लिहिलेली? नसेल तर का नाही? शहरात बसून केलेला नियम गावातल्या परातीपर्यंत कसा पोचतो, किंवा वाटेत कुठे विरतो, यावर एक अख्खं प्रकरण होऊ शकतं.

काउंटरवर क्यूआर कोड चिकटवलेला असतो आणि पैसे जमा झाल्याचं सांगणारा डबी-स्पीकर असतो. यूपीआय आलं २०१६ साली. म्हणून या दोन वस्तू म्हणजे फोटोचा काळ ठरवणाऱ्या खुणा आहेत. पन्नास वर्षांनी कुणी तुमचा फोटो पाहिला तर पेढ्यावरून त्याला साल कळणार नाही. क्यूआर कोडवरून कळेल. आणि आपण नेमका तोच टाळतो, कारण तो ‘गावाकडचा’ वाटत नाही.

या टाळण्यात एक पद्धत आहे. जे दुकानाला आजच्या काळाशी, कायद्याशी, बाजाराशी आणि दूरच्या जगाशी जोडतं ते बाहेर जातं. जे त्याला जुनं, एकटं आणि न बदलणारं दाखवतं ते आत येतं. फोटो खोटा नसतो. त्यात दिसणारी प्रत्येक वस्तू खरी असते. निवड मात्र एकाच दिशेला कललेली असते. संशोधनाच्या भाषेत याला काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे. पूर्वग्रह प्रश्नावलीत असतो तसाच चौकटीतही असतो, फक्त चौकटीतला कुणी तपासत नाही.

एक ठिकाण घेऊ: नृसिंहवाडी

हवेत बोलण्यापेक्षा एक ठिकाण घेऊ. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर नृसिंहवाडी आहे, म्हणजे आपली नरसोबाची वाडी. दत्तभक्तांचं मोठं स्थान. देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर पेढे, बासुंदी आणि कवठाची बर्फी विकणारी दुकानं लागतात. कवठाची बर्फी ही इथली खास ओळख. प्रवासी फोटोसाठी यापेक्षा चांगली जागा शोधून सापडणार नाही.

आता समजा तुम्ही पौर्णिमेला गेलात. वाटेवर गर्दी, दुकानात रीघ, पेढ्यांचे ढीग उंच. तुम्ही फोटो काढला आणि प्रकरणात लिहिलं, ‘तीर्थक्षेत्रातील मिठाई व्यवसाय भरभराटीत आहे.’ फोटो पुरावा म्हणून खाली. पण पौर्णिमा महिन्यातून एकदा येते आणि दत्तजयंती वर्षातून एकदा. उरलेल्या दिवशी त्या परातीत किती माल असतो? ताजा खवा टिकतो थोडेच दिवस. म्हशीच्या एक लिटर दुधातून साधारण दोनशे ग्रॅमच्या आसपास खवा निघतो, म्हणजे शिल्लक राहिलेल्या प्रत्येक किलो पेढ्यामागे कितीतरी लिटर दूध अडकलेलं असतं. सणाचा फोटो भरभराट दाखवतो. धंद्याचा खरा प्रश्न आडवारी असतो. नमुना निवड शिकताना आपण ‘सणासुदीच्या दिवशी सर्वेक्षण करू नये’ हे पाठ करतो आणि फोटो मात्र जत्रेलाच काढतो.

दुसरी गोष्ट पाणी. जुलै २००५, ऑगस्ट २०१९, जुलै २०२१. शिरोळ तालुक्याने हे तिन्ही पूर सोसले. वाडीत नदीचं पाणी देवळात शिरतं आणि पादुकांना स्पर्श करून दक्षिण दरवाजाने बाहेर पडतं, तेव्हा त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. भाविक त्या वेळी स्नानाला येतात. त्याच पाण्याकडे वाटेवरचा दुकानदार दुसऱ्या नजरेनेही बघतो: अजून किती चढेल, माल कधी उचलायचा. एकच पाणी, भाविकासाठी पर्वणी आणि दुकानदारासाठी इशारा. आणि पुष्कळदा दुकानदार स्वतःच भाविक असतो, म्हणून दोन्ही एकाच माणसात.

हे फोटोत कसं येईल? पुरानंतर भिंतीवर राहणारी पाण्याची रेघ, उंचावर ठोकलेली फळी, वर हलवलेला विजेचा बोर्ड, अशा खुणा शोधाव्या लागतात. त्या सुंदर नसतात. काढल्या तरी इन्स्टाग्रामवर कुणी थांबून बघणार नाही. पण ‘पूरप्रवण तीर्थक्षेत्रात छोटा व्यावसायिक कसा टिकतो’ हा प्रश्न तुमचा असेल, तर भिंतीवरची रेघ हे तुमचं ‘छायाचित्र ३.२’, पेढ्यांचा ढीग नव्हे.

ज्यांनी हे आधी केलं त्यांच्याकडून

दुकानाचा फोटो पुरावा होऊ शकतो का? होतो. १९३५ नंतरच्या काही वर्षांत अमेरिकन सरकारच्या एका खात्याने (ते पुढे फार्म सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन या नावाने ओळखलं गेलं) मंदीतल्या ग्रामीण भागाचे फोटो काढून घेतले. त्यातला वॉकर इव्हान्स हा छायाचित्रकार दक्षिणेत फिरत होता. १९३६ सालचा त्याचा अलाबामातल्या रस्त्याकडेच्या दुकानाचा फोटो काँग्रेस लायब्ररीच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतो. दोन मुलं हातात कलिंगडं घेऊन उभी आहेत आणि दुकानाच्या दर्शनी भागावर पाट्याच पाट्या: मासे मिळतील, वजन चोख मिळेल, घर हलवून मिळेल. कॅमेरा समोर, सरळ. वाफ नाही, तिरपा उजेड नाही. अक्षरं वाचता येतात. म्हणूनच आज जवळजवळ नव्वद वर्षांनी तो फोटो वाचता येतो. दुकानदार काय काय विकत होता, एका धंद्यावर भागत नव्हतं का, गिऱ्हाइकाला कशाची खात्री द्यावी लागत होती, असे प्रश्न त्याला विचारता येतात.

या प्रकल्पाचा प्रमुख रॉय स्ट्रायकर मूळचा अर्थशास्त्राचा शिक्षक. १९३६ साली त्याची ‘मिडलटाऊन’ या अभ्यासाचे एक लेखक रॉबर्ट लिंड यांच्याशी चर्चा झाली, आणि त्यानंतर त्याने छोट्या गावात काय काय टिपायचं याची प्रश्नयादी करून छायाचित्रकारांना दिली. लोक कुठे भेटतात? दुकानात नुसते गप्पा मारायला कोण येतं? श्रीमंतांची भेटायची जागा वेगळी आणि गरिबांची वेगळी आहे का? म्हणजे आधी प्रश्न, मग फोटो. आपण बहुतेक वेळा उलटं करतो: आधी फोटो, मग त्याला शोभेल असा प्रश्न.

पण स्ट्रायकरला देव करू नका. नको असलेल्या निगेटिव्हला तो भोक पाडायचा, म्हणजे ती पुन्हा वापरता येऊ नये. ती भोक पडलेली चित्रंही आज संग्रहात आहेत. कुणी काय निवडलं आणि काय टाकलं, हे तिथे दिसतं तरी. आपण फोनमधून ‘डिलीट’ करतो तेव्हा भोकसुद्धा उरत नाही. म्हणून पहिला साधा नियम: फील्डवरचा एकही फोटो खराब आला म्हणून उडवू नका.

दुसरं उदाहरण ग्रेगरी बेटसन आणि मार्गारेट मीड यांचं. १९३६ पासून त्यांनी बालीमध्ये सुमारे २५,००० फोटो काढले. १९४२ साली पुस्तक आलं त्यात घेतले ७५९. बेटसन फोटो काढत असताना मीड वेळेसकट नोंदी लिहीत होत्या. कोण कुणाशी बोललं, आधी काय झालं, नंतर काय झालं. फोटो आणि नोंद एकमेकांना धरून. त्यांच्या निष्कर्षांवर पुढे पुष्कळ टीका झाली, आणि ती होऊ शकली याचं एक कारण त्यांनी पुरावा समोर ठेवला होता. टीका करता येईल असा पुरावा ठेवणं, हेच तर संशोधन.

आणि तो माणूस?

आता सर्वांत महत्त्वाचं. फोटोतला माणूस.

ख्रिस्तोफर पिनी या मानवशास्त्रज्ञाने मध्य प्रदेशातल्या नागदा इथे बरीच वर्षं काम केलं. ‘कॅमेरा इंडिका’ हे त्याचं पुस्तक १९९७ चं. त्याने एक अनुभव लिहून ठेवलाय. शेजाऱ्याचा फोटो त्याने आपल्या आवडीने काढला: कमरेपर्यंतचा, सहज, सावलीउजेडाचा. शेजाऱ्याला तो बिलकूल आवडला नाही. अर्धं शरीर कापलंय आणि तोंडावर काळोख आहे, असला फोटो काय कामाचा? त्याला हवा होता पूर्ण, समोरून, नीट उभं राहून काढलेला.

हे आपल्या हलवायाला लावून बघा. आपण त्याला घामेजलेला, बनियनवर, वाफेत, खाली बघताना टिपतो आणि त्याला ‘नैसर्गिक’ म्हणतो. त्याला विचारलं तर तो म्हणेल, ‘थांबा जरा, शर्ट घालतो,’ आणि दुकानाच्या पाटीखाली, देवाच्या तसबिरीजवळ ताठ उभा राहील. आपल्याला तो फोटो ‘पोझ’ वाटतो, म्हणून आपण तो प्रबंधात घेत नाही. पण त्या उभं राहण्यात तो स्वतःबद्दल काही सांगतोय: मी कारागीर नाही, मालक आहे, हे दुकान माझं आहे, हे नाव माझ्या वडिलांचं आहे. हा डेटा नाही तर काय आहे? दोन्ही फोटो काढा, आणि दोहोंतला फरक लिहा.

सौंदर्याच्या पुढचा मुद्दा धोक्याचा आहे. तुमच्या फोटोत मागे लाल सिलिंडर दिसतोय. घरगुती सिलिंडर धंद्याला वापरणं बेकायदा आहे. खिळ्याला प्लास्टिकच्या पातळ पिशव्या टांगल्यात. महाराष्ट्रात २०१८ पासून त्यांच्यावर बंदी आहे आणि पहिल्याच वेळी पाच हजार रुपये दंड आहे. कपबशा विसळणारा बारा-तेरा वर्षांचा मुलगा दिसतोय. कायद्याने १४ वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवता येत नाही. शाळा सांभाळून घरच्या धंद्यात मदत करायला २०१६ च्या दुरुस्तीने मुभा आहे. तो मुलगा घरचा की कामाला ठेवलेला, हे फोटो सांगत नाही. बघणारा मात्र आपल्या मनाने ठरवून मोकळा होतो.

वर मीच म्हणालो की सिलिंडरचा रंग, पिशव्या, चिठ्ठी यांकडे बघा. आता म्हणतोय सांभाळा. यात विसंगती नाही. बघायचं, वहीत लिहायचं. छापायचं की नाही हा वेगळा निर्णय. गुप्तता पाळण्यासाठी प्रबंधात आपण गावाचं नाव बदलतो, माणसाचं नाव बदलतो, आणि त्याच पानावर दुकानाच्या पाटीसकट फोटो लावतो. मग नाव बदलून काय साधलं? मूळ फाईलमध्ये अक्षांश-रेखांशही असू शकतात.

ही चूक थोरामोठ्यांच्या कामातही आहे. जेम्स एजी आणि वॉकर इव्हान्स यांचं अलाबामातल्या तीन कुळकरी कुटुंबांवरचं पुस्तक १९४१ साली आलं. पुस्तकात कुटुंबांची नावं बदललेली होती. पण त्याच कुटुंबांचे इव्हान्सने काढलेले फोटो सरकारी संग्रहात खऱ्या नावांनिशी होते. शब्दांनी लपवलं ते फोटोने उघडं केलं. पुस्तक अजरामर झालं. आपली गरिबी अशी जगापुढे मांडली गेली याबद्दल त्या घरांतल्या काहींनी पुढे नाराजी बोलून दाखवली. एका पिढीचा फोटो पुढच्या पिढीला सोसावा लागतो, हे लक्षात ठेवा.

आणि ‘फोटो काढू का?’ याला मिळालेलं ‘काढा की!’ म्हणजे संमती नव्हे. गावात पाहुण्याला नाही म्हणत नाहीत. तुम्ही पावशेर पेढे घेतलेत, त्याने चव बघायला दिली, या देवघेवीत तो ‘काढा’ म्हणतो. तो प्रबंधात छापणार, शोधगंगावर जाणार, कुणीही कायम बघू शकणार, हे त्याला सांगितलंत का? सांगून परत विचारा. दुसऱ्यांदा आलेलं ‘हो’ हे खरं ‘हो’.

मग करायचं काय?

फार अवघड नाही. आधी कॅमेरा खिशात ठेवून दुकानात वेळ घालवा. प्रश्न लिहा, मग फोटो काढा. एका दुकानाचे एकाच कोनातून वेगवेगळ्या दिवशी फोटो काढा: सणाला, आडवारी, सकाळी माल येताना, रात्री परात धुताना. एक फोटो सरळ समोरून, पाट्या वाचता येतील असा. एक दुकानदाराच्या जागेवरून बाहेर बघणारा, कारण त्याला रोज दिसतं ते आपल्याला कधीच दिसत नाही. प्रत्येकाची नोंद त्याच दिवशी: वेळ, वार, आधी काय झालं, चौकटीबाहेर काय होतं.

आणि सर्वांत उपयोगाचं म्हणजे फोटो छापून घेऊन परत जा. जॉन कॉलिअर ज्युनिअर हा स्ट्रायकरच्याच हाताखाली काम केलेला छायाचित्रकार. पुढे तो मानवशास्त्राकडे वळला आणि फोटो समोर ठेवून मुलाखत घ्यायची पद्धत त्याने १९५७ च्या लेखात आणि १९६७ च्या पुस्तकात मांडली. नुसत्या प्रश्नांना जिथे ‘बरं चाललंय’ एवढं उत्तर येतं, तिथे फोटो हातात दिला की माणूस बोट ठेवून बोलायला लागतो. ‘ही परात बघा, ही आता नाही, पाण्यात गेली.’ ‘हा मागे दिसतोय तो दूधवाला, त्याने घालणं बंद केलं.’ ब्रेख्त म्हणतो ते संबंध पृष्ठभागावर दिसत नाहीत हे खरं. पण पृष्ठभाग योग्य माणसाच्या हातात दिला तर तोच ते सांगू लागतो. शिवाय फोटो त्याच्याकडे राहतो. आपण सारखं घेऊनच येतो, कधीतरी काही देऊन यावं.

तुम्ही म्हणाल, एवढा विचार केला तर प्रवासात फोटो काढायची मजाच जाईल. नाही जात. सुंदर फोटो काढा, घरी लावा, मित्रांना पाठवा. वाफेतली कढई सुंदर असतेच आणि ते सौंदर्य खरं आहे. माझं म्हणणं इतकंच की, त्या फोटोला पुराव्याचं काम सांगू नका. तसं केलं की दोघांचंही नुकसान होतं: वाचकाला दुकान कळत नाही, आणि दुकानदार आपल्या प्रबंधाची सजावट होतो.

पुढच्या वेळी प्रबंधात फोटो लावायच्या आधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. हा फोटो काढून टाकला तर माझ्या युक्तिवादातलं नेमकं कोणतं वाक्य पडतं? हा फोटो ज्याचा आहे त्याने तो पाहिलाय का? आणि तो छापल्यामुळे उद्या त्याच्या दारात कुणी येऊन उभं राहिलं तर मी काय सांगणार आहे? पहिल्याचं उत्तर ‘कोणतंच नाही’ असेल तर फोटो काढून टाका. दुसऱ्याचं ‘नाही’ असेल तर परत गावी जा. तिसऱ्याचं उत्तर सापडत नसेल, तर तो फोटो तुमच्या वहीत राहू द्या. तिथेही तो कामाचाच आहे.